संसार कुणी मांडला? गिरणगावातली खोली आणि भांड्यांवरची नावं

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या मालिकेत हे भांड्याकुंड्यांचं काय काढलंय? तर सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्या बोलण्यात 'संसार' या शब्दाचे दोन अर्थ एकत्र नांदतात. एक म्हणजे नवरा-बायकोनं मिळून जगणं. दुसरा म्हणजे घरातलं सामान. 'पुरात संसार वाहून गेला' असं म्हणतो तेव्हा माणसं वाचलेली असतात. गेलेली असतात ती अंथरुणं, भांडी, कपडे. आज आपण या दुसऱ्या अर्थाच्या संसाराबद्दल बोलणार आहोत.

प्रश्न असा की मुंबईच्या गिरणी कामगारानं दहा बाय बाराच्या खोलीत, तुटपुंज्या पगारात घर कसं उभं केलं? वस्तू कुठून आल्या? पैसे कुणी घातले? त्या वस्तू कुठे ठेवायच्या हे कसं ठरलं?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही खोली पगारातून सजली असं आपण धरून चालतो, पण हिशेब मांडला की पगार पुरतच नाही. ती सजली माहेरच्या आहेरातून, भिशीतून, बोनसमधून आणि जुन्या कपड्यांच्या मोबदल्यातून. म्हणजे बहुतेक बायकांच्या हातून. याची नोंद सरकारी कागदांत फारशी सापडत नाही. ती भांड्यांवर कोरलेली आहे, आणि सध्या ती मोडीत चालली आहे.

खोली

आधी खोली बघू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. गर्दीची, कोंदट वस्ती हे त्याचं एक कारण मानलं गेलं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी या ट्रस्टच्या. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून त्यातून घरं बांधायची, अशी योजना होती. ठरवलं होतं ५० हजार खोल्यांचं. बांधून झाल्या सुमारे १६ हजार. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथल्या या बीडीडी चाळी. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. खासगी मालकांच्या चाळीतली खोली तर याहून लहान असायची.

या खोलीत पहिल्यांदा राहिला तो बहुधा एकटा पुरुष. रत्नागिरीहून, साताऱ्याहून आलेला. कुटुंब गावी, शेत गावी. गावच्या मंडळानं भाड्यानं घेतलेल्या खोलीत वीस-तीस जण मिळून राहायचे आणि पाळीप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीचा उठून जेवायला गेला की दिवसपाळीचा त्याच जागी वळकटी पसरणार. प्रत्येकाचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. जेवण खानावळीत. या खोलीला घर म्हणायचं नव्हतं, म्हणून तिच्यात घराचं सामानही नव्हतं. घर गावी होतं. मनिऑर्डर तिकडे जायची.

मग बायको मुंबईला आली. दोन धोंडे आले, चूल किंवा शेगडी आली, पाणी भरायला हंडा आला. इथून आपली गोष्ट सुरू होते.

पगार पुरत नाही

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं शहरातल्या सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. आपल्याला आज आधार आहे तो मुख्यतः याच पाहणीचा. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं सुमारे ५२ रुपये. त्यातले निम्म्याहून अधिक खाण्यावर. ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहणारी. जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात, आणि रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज सर्रास. हा एक आणा ऐकायला किरकोळ वाटतो ना? वर्षाचे बारा आणे होतात, म्हणजे शेकडा ७५.

आता बघा, खाणं, भाडं, कपडे, गावची मनिऑर्डर आणि सावकाराचा हप्ता दिल्यावर पितळेच्या पातेल्यासाठी काय उरणार? तरीही पुढच्या काळातल्या खोल्यांची वर्णनं काढून पाहिली तर फळीवर उतरंडीनं लावलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली भांडी दिसतात. ती आली कुठून?

चार वाटा

पहिली वाट आहेराची. लग्नात मुलीला माहेरून, मामाकडून, आत्याकडून भांडी मिळत. त्यावर नाव घातलेलं असे. छोट्या छिन्नीनं ठोकून ठोकून काढलेली ठिपक्यांची अक्षरं. नंतरच्या काळात विजेच्या यंत्रानं रेघोटी ओढलेली. 'चि. सौ. कां.' आणि पुढे नवरीचं नाव, मग 'मामांकडून सप्रेम भेट', आणि तारीख. मुंबईत तांबाकाट्यावर भांडी घेतली की दुकानदार तिथल्या तिथे नाव घालून देई.

हे नाव हौसेखातर नव्हतं, त्याला उपयोग होता. चाळीत सत्यनारायण असो की बारसं, मोठी पातेली, पराती घरोघरून गोळा व्हायच्या. नाव नसेल तर परत कशी येणार? सामायिक नळावर पहाटे हंड्या-कळश्यांची रांग लागायची, माणूस मागाहून यायचा. नंबर भांड्याचा, माणसाचा नव्हे. तिथेही ओळख नावानंच पटायची.

दुसरी वाट भिशीची. दहा-बारा बायकांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची आणि चिठ्ठी टाकून एकीला सगळी द्यायची. व्याज नाही, तारण नाही. ज्या शहरात सावकार शेकडा ७५ घेत होता, त्या शहरात बिनव्याजी एकरकमी पैसा मिळण्याची ही व्यवस्था होती. शिलाई मशीन, स्टोव्ह, पाण्याचं पिंप अशा वस्तू भिशीच्या नंबरावर आल्या.

तिसरी वाट बोनसची. पहिल्या महायुद्धाच्या भरभराटीत गिरणीमालक बोनस देऊ लागले होते. तो नाकारला गेल्यावर १९२४ च्या सुरुवातीला गिरण्यांत मोठा संप झाला. मालक म्हणत, बोनस ही आमची मेहेरबानी. कामगार म्हणत, तो आमच्या मजुरीचाच भाग. हा वाद कायद्यानं मिटायला १९६५ साल उजाडलं. आपण तो कामगार चळवळीच्या इतिहासात वाचतो, पण तो घरसामानाच्याही इतिहासात वाचायला हवा. महिन्याच्या पगारातून जे कधीच घेता येत नाही ते दिवाळीच्या बोनसमध्ये यायचं. पंखा बोनसचा, रेडिओ बोनसचा, लोखंडी कॉट बोनसची. मेहेरबानी की हक्क, या प्रश्नावर घरात पंखा फिरणार की नाही हे अवलंबून होतं.

चौथी वाट बोहारणीची. डोक्यावर पाटी, पाटीत नवी भांडी. जुने कपडे घ्यायची, बदल्यात भांडं द्यायची. एका डब्यासाठी दोन लुगडी, एक पँट, वर एक सदरा असा अर्धा-पाऊण तास सौदा चाले. जरीचा काठ असला तर भाव वधारायचा. पैशाला हात न लावता, नवऱ्याला न विचारता बाईला स्वतः करता येईल असा हा व्यवहार होता. स्टेनलेस स्टीलची कितीतरी भांडी या वाटेनं चाळीत शिरली.

यात खानावळीची भर घालायला हवी. एकट्या पुरुषांसाठी स्वयंपाक करणाऱ्या बायकांची मोठमोठी पातेली म्हणजे त्यांचं भांडवलच. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यावं, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तोवर बँकेला या खोलीत भांडवल आहे हे दिसतच नव्हतं.

जमीन मोकळी ठेवा

वस्तू आल्या, आता ठेवायच्या कुठे? या खोलीत पैशाहून दुर्मिळ होती ती जमीन. दिवसा जी जागा स्वयंपाकाची, तीच संध्याकाळी अभ्यासाची, रात्री झोपायची. म्हणून नियम एकच: जमिनीवर कायमचं काही ठेवायचं नाही. सामान वर जाणार. खुंटी, मग फळी, मग दांडी, मग पोटमाळा. अंथरुणांची चवड ट्रंकांवर. पाट भिंतीला टेकवलेले. नंतर फोल्डिंगची खाट आली, तीही दिवसा दाराआड.

पण वर जाऊन जाऊन जागा किती वाढणार? उरलेली अडचण वेळेवर भागवली जायची. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना त्यांचं कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होतं. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या खोलीची गर्दी वाचायला मिळते. वडील मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत, आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवून मग आडवे होत. झोपायची जागा एक, माणसं दोन, म्हणून रात्रीचे दोन भाग. पुढे १९१२ पासून बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहिले, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, बावीस वर्षं. १९३० च्या दशकात दादरला राजगृह बांधलं तेव्हा आराखड्यात पुस्तकांच्या जागेचा विचार आधी झाला.

सजावटीचं काय? तीही भिंतीवरच. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा प्रेस सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी साध्या माणसाला परवडू लागल्या. नंतर दुकानदारांची फुकट कॅलेंडरं आली. वर्ष संपलं की तारखा कापायच्या आणि देवाचं चित्र चौकटीत बसवायचं. दारावर मण्यांचं तोरण, रेडिओवर क्रोशाचा रुमाल. गणपतीच्या आधी नीळ घातलेला चुना भिंतींना. खर्च थोडका, मेहनत भरपूर, आणि ती मेहनत कुणाची हे वेगळं सांगायला नको.

इथे थोडं थांबू. चाळीबद्दल बोलताना आपण हळवे होतो. पण या काटकसरीची किंमत कोण मोजत होतं ते पाहिलं पाहिजे. सगळ्यांची अंथरुणं पडल्यावर उरेल त्या जागेत बाई झोपायची आणि नळ यायच्या आत उठायची. पुरुषांना गॅलरी होती, नाका होता. तिला स्वतःची म्हणावी अशी जागा म्हणजे माहेरून आलेली ट्रंक.

फळीवरची पेढी

आता मुद्द्याकडे येतो. एवढी अडचण असताना भांडी फडताळात बंद न करता उघड्या फळीवर, ओळीनं, दारातून दिसतील अशी का मांडायची? शोभा म्हणून, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. तांब्या-पितळेला वजनावर भाव होता. भांडं जुनं झालं, चेपलं, फुटलं तरी धातूचे पैसे उभे राहत. म्हणजे ती फळी घराची पेढी होती. किती शिल्लक आहे हे शेजाऱ्याला दिसायचं, वाण्याला दिसायचं, आणि त्यावर उधारी ठरायची.

१९२८ मध्ये गिरणगावात सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप चालला. संप म्हटलं की आपल्याला सभा, पुढारी, लाल बावटा आठवतो. पण सहा महिने पगार नसताना चूल कशावर पेटते? आधी अंगावरचा डाग गहाण पडतो, मग हंडा, मग घंगाळ. संप मिटला की भांडी त्याच क्रमानं, उलट बाजूनं सोडवून आणायची.

याच संपाच्या वेळी दुसरा एक प्रश्न पुढे आला. गिरणीत विणकर खात्यात पगार चांगला होता, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असं की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या मागण्यांच्या संदर्भात लावून धरला. याचा घरसामानाशी संबंध काय? अगदी सरळ आहे. खातं बंद म्हणजे पगार कमी, पगार कमी म्हणजे फळीवर पितळेऐवजी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी. जर्मनच्या भांड्याला मोडीत फारसा भाव नाही. मग संपात गहाण टाकायला काय उरलं? जातीचा प्रश्न असा भांड्याच्या धातूपर्यंत पोचला होता.

स्टील आलं, कपाट आलं

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. खोली सोडणं परवडेना, नवी मिळेना. एकाच खोलीत तीन पिढ्यांचं सामान साठत गेलं. गोदरेज कंपनी १८९७ मध्ये कुलपांपासून सुरू झाली आणि १९२३ मध्ये पोलादी कपाट बनवू लागली. कामगाराच्या खोलीत ते कपाट शिरलं ते पुष्कळ नंतर, आणि बहुधा सुनेच्या लग्नात. जमीन मोकळी ठेवायचा नियम त्यानं पहिल्यांदा मोडला. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, आणि पुढे कधीतरी त्या कपाटाशेजारी टीव्ही आला.

याच काळात स्टेनलेस स्टीलनं पितळ मागे सारलं. बाईच्या दृष्टीनं हा मोठा सुटकेचा भाग होता. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको, ताक-आमटी कळकायची धास्ती नको. तिनं स्टील घेतलं यात चूक काहीच नाही. पण हिशेबाच्या दृष्टीनं एक गोष्ट निसटली. स्टीलचं भांडं वापरायला उत्तम, विकायला कवडीमोल. फळी पूर्वीइतकीच चमकत होती, पण पेढी रिकामी होत चालली होती.

आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या आठवणी गोळा करून जे पुस्तक केलं, 'कथा मुंबईच्या गिरणगावाची', ते या काळासाठी जरूर वाचा. या वेळीही मंगळसूत्र गेलं, उरलंसुरलं पितळ गेलं. पण १९२८ मध्ये संप मिटल्यावर वस्तू सोडवून आणायला पगार परत सुरू झाला होता. १९८२ नंतर पुष्कळांचा तो कधी सुरूच झाला नाही. गहाण पडलेला संसार सुटला नाही.

आज काय करता येईल

आता हे सगळं आजच का सांगतोय? बीडीडी चाळी पाडून तिथे बहुमजली इमारती होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या काहीशे कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनंतर १६० चे ५०० झाले. याचं स्वागतच करायला हवं; कुणी जुन्या खोलीसाठी गळा काढू नये, तिथे राहिलेल्यांनी तर नाहीच काढलेला. पण घर बदलताना पहिली गोष्ट जाते ती पोटमाळ्यावरची. मॉड्युलर किचनमध्ये घंगाळ बसत नाही. भंगारवाला किलोवर घेतो, आणि नाव कोरलेलं भांडं वितळून जातं.

इतिहासकाराला यात नुकसान दिसतं ते असं. गिरणी कामगाराच्या पगाराचे कागद आहेत, संपांचे आहेत, युनियनचे आहेत. त्याच्या बायकोनं काय आणलं, काय गहाण टाकलं, काय सोडवलं याचे कागद नाहीत. पण भांड्यावर तिचं नाव आहे, कुणी दिलं ते आहे, तारीख आहे. एका घरातली वीस भांडी ओळीनं मांडली तर लग्नाचं साल कळतं, माहेरच्यांत कोण उभं राहिलं ते कळतं, पितळ संपून स्टील कधी सुरू झालं ते कळतं. मधली दहा वर्षं एकही भांडं आलेलं नसेल तर त्या वर्षांत काय झालं, हा प्रश्न विचारता येतो. एखाद्या भांड्यावर भलत्याच घराचं नाव असेल तर ते मोडीत विकत घेतलेलं असू शकतं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अडचणीची ती खूण.

म्हणून हे ऐकणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. भांडी ठेवाच असं आम्ही म्हणत नाही, जागा कुणाकडे आहे? पण भंगारात देण्याआधी एक दुपार काढा. भांडी जमिनीवर मांडा, नावाच्या बाजूचा फोटो घ्या. वहीत लिहा: भांडं कोणतं, धातू कोणता, नाव काय, तारीख काय. आणि घरात आजी, आई, काकू असेल तर तिला शेजारी बसवा. 'कितीला घेतलं?' एवढंच विचारून थांबू नका. किंमत बहुधा आठवणार नाही. विचारा, हे कुणी दिलं? कोणत्या भिशीतून आलं? कधी गहाण पडलं होतं का, आणि सोडवायला कोण गेलं होतं?

उत्तरं लिहून ठेवा, तिच्याच शब्दांत.